उन्हाळ्यातली पाखाडी: मे महिन्यात तुम्ही काय काय पाहिलंत?

पाखाडीवाली: आज सकाळी आमच्या मुंबईच्या बिल्डिंगच्या जिन्यात चक्क नवरंग! भिंतीला टेकून बसलेला, शेपटीखालचा लाल रंग नुकता लावल्यासारखा ओला दिसत होता. वॉचमनकाका म्हणाले, पोपटाचं पिल्लू आहे. हे पक्षी थंडीत दक्षिणेकडे आणि श्रीलंकेत असतात, मेमध्ये विणीसाठी वर येतात. प्रवास रात्रीचा, त्यामुळे शहरात दमून उतरतात नाहीतर काचांवर आपटतात. भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवला, दुपारी मागच्या झुडपांत सोडला तर टुणटुण पाचोळ्यात पसार.

तेव्हापासून गुहागरकडचं आजोळ डोक्यातून जात नाहीये. घरामागून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, जाणारी जांभ्याची पाखाडी (पायऱ्यांची वाट) आहे, तिथे पहाटे याची दोन सुरांची शीळ यायची. दिसायचा मात्र नाही. सगळे कोकण बघायला पावसात जातात, पण मला मे महिना जास्त भरलेला वाटतो. पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी एका डबक्यापुरतं उरतं, मग जो तो तिथेच येतो. कुडा पांढरा झालेला असतो, आणि अंजनीच्या काटक्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके थेट लाकडातून फुटलेले असतात. तुमच्या वाटेवर काय दिसतं? लिहा.

फणसपोळी: अंजनी!! आम्ही तिची काळी फळं खाऊन जीभ जांभळी करायचो. सविस्तर नंतर लिहिते, गच्चीवर रसाची साटं वाळत घातलीत आणि आभाळ आलंय.

देवराईतला: आमच्या देवराईत बेहड्याच्या ढोलीत धनेशाचं घरटं असतं. मादी आत बसून विष्ठा आणि चिखलाने तोंड लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते. नर येतो, मान झटकतो आणि गळ्यातून एकेक उंबर वर काढून फटीतून देतो. एक झालं की दुसरं, गळ्यात पिशवी असल्यासारखं. झाडाखाली बिया पडतात, त्या बघून कळतं मेनू काय होता. काजऱ्याची फळंसुद्धा खातो, ज्याची बी माणसाला विष!

तीन_पोरांची_आई: म्हणजे ती स्वतःच आतून कडी लावून घेते आणि जेवण खिडकीतून येतं? मे महिन्यात पाहुण्यांनी भरलेल्या घरात मला हीच सोय हवीय.

देवराईतला: 😂 पिसंही झडतात तिची आत असताना, विचार करून सांगा.

वेंगुर्लेकर्णी: आमच्या आसोलीत ये गो मार्च-एप्रिलात. सुरंगीचां झाड दिसाच्या आदी आयकाक येता, इतके माशये घोंघावतत. मगे वास. कळे फाटफटी काढूचे लागतत, ऊन लागला की फुलतत, मगे वळेसाराक उपेग नाय. फांदीक असे चिकटान असतत की कळो काढतंय की साल सोलतंय ता कळना नाय. आणि वर हुमले चावतत ते वायले.

पाखाडीवाली: वळेसार, सुरंगीचा गजरा! आजी सुकलेला सुद्धा टाकायची नाही, लुगड्यांच्या घडीत ठेवायची.

सडाफिरस्ता: सड्यावर मेमध्ये काही नसतं म्हणणाऱ्यांनी टिटवीची अंडी शोधून दाखवावीत. घरटं म्हणजे जांभ्याच्या चार खड्यांमधली खळगी, अंडी मातकट, काळे ठिपके. मी पाय उचलला तो तसाच हवेत धरून उभा राहिलो, वर टिटवी डोक्यावर किंचाळत घिरट्या घालतेय. याच दिवसांत लोक वणवे लावतात याचा फार राग येतो. गवत पुन्हा येतं, अंडी नाही येत.

शहाबाज_अलिबाग: वणव्यावर +१. आमच्या शेजारच्या वाडीत दरवर्षी हेच, आणि विचारलं तर कोणीच लावलेला नसतो.

पोफळीखाली: उडता सरडा कोणी पाहिलाय? दक्षिण सिंधुदुर्गात आमच्या बागेत आहे. पोफळीच्या खोडावर सालीसारखा बसतो, हलला तरच कळतं. नर गळ्याखालची पिवळी झालर झटक्यात बाहेर काढतो आणि आत घेतो. मग फासळ्यांवरचे पडदे उघडून सरळ पुढच्या पोफळीवर. मुंग्या खातो, म्हणजे वर म्हटलेल्या हुमल्यांवर उपाय आहे.

वेंगुर्लेकर्णी: सरडो पाठय हय 😄

लेन्सवाला_नाही: पहिला पाऊस झाला की पाखाडीच्या मातीच्या दरडीत तिबोटी खंड्या बीळ कोरतो. मुठीत मावेल एवढा, जांभळा-केशरी. रायगड जिल्ह्याने त्याला जिल्हापक्षी केलंय. पण हल्ली बिळासमोर खुर्च्या टाकून बसतात फोटोवाले. तो चोचीत सरडा धरून समोरच्या फांदीवर ताटकळतो, आत पिल्लं उपाशी. ठिकाणं इथे लिहू नका प्लीज.

पाखाडीवाली: पटलं. सगळ्यांनी गावाचं नाव चालेल, नेमकी जागा नको.

फणसपोळी: आले! साटं अर्धी भिजली. वेळासला कासवाची पिल्लं मेमध्ये मिळतील का? भाचे येतायत.

सडाफिरस्ता: उशिरा घातलेलं घरटं असेल तर मेच्या सुरुवातीपर्यंत. गावात फोन करून मगच निघा. साटं पंख्याखाली ठेवा, बुरशी येईल नाहीतर.

फणसपोळी: पंखा कुठला, लाईट गेलीय.