'संपीडित', 'दाबलेली' की 'कोंडलेली' हवा?

एका लेखाचं भाषांतर करतेय. वीज शिल्लक असेल तेव्हा कंप्रेसर चालवून जमिनीखाली हवा भरून ठेवायची आणि मागणी वाढली की ती सोडून टर्बाइन फिरवायचं, असा विषय. उदाहरण जर्मनीतल्या हुंटॉर्फचं, १९७८ सालचं. मी 'संपीडित हवा ऊर्जा साठवण' लिहिलं, पण ते कपलिंग न जोडलेल्या चार डब्यांसारखं वाटतंय. बरा शब्द सुचवा.

— 'संपीडन' परिभाषेत आहेच की. 'पीड्' धातूचा अर्थ दाबणे, पिळणे असाही आहे.

— असेल, पण कानाला 'पीडित' आधी ऐकू येतं. पूरपीडितांच्या रांगेत हवा कशाला?

— काहीही ठेवा, फक्त 'संपीडित वायू' नको. तो रिक्षात भरतात. त्यात हुंटॉर्फला दोन्ही लागतात: साठवलेली हवा फुगताना गार पडते, म्हणून नैसर्गिक वायू जाळून ती तापवावी लागते. एकाच वाक्यात हवा आणि वायू येणार, तेव्हा दोन्हींची गल्लत नको.

— 'कोंडलेली हवा'? आजीलाही कळेल.

— आजीला कळेल ते खिडक्या बंद असलेल्या खोलीबद्दल! त्या हवेला वास असतो, दाब नसतो. हुंटॉर्फला दाब ७० बारच्या आसपास नेतात, म्हणजे मोटारीच्या टायरच्या साधारण तीसपट. साधं 'दाबलेली' म्हणा.

— आमची नोकरी विजेतच गेली, म्हणून सांगतो. घाटघरच्या २५० मेगावॉटच्या प्रकल्पाला 'उदंचन' म्हणतात. शिल्लक विजेवर खालच्या धरणातलं पाणी वरच्या धरणात चढवायचं. संस्कृतात उदंचन म्हणजे पाणी वर काढणं, आणि ते काढायचं भांडंही. त्या नावात 'ऊर्जा' कुठेच नाही, तरी कुणाचं अडलं नाही. तुम्हीही ती गाळा. 'दाबलेल्या हवेची साठवण', बस्स.

— 'साठवण'ला माझंही मत. साठवणीतलं लोणचं, साठवण तलाव... ठेवणं आणि लागेल तसं काढणं, दोन्ही त्यात आलं. 'संचय' म्हटलं की कंजूष आठवतो.

— आणखी एक. लेखात 'मिठाच्या गुहा' लिहू नका. हुंटॉर्फच्या दोन्ही जागा मिठाच्या थरात पाणी सोडून, मीठ विरघळवून केलेल्या आहेत. माणसानं केलेली ती गुहा नव्हे, हिशेबानं ते लेणं! पण तसं लिहिलंत तर लोक तिकीट विचारतील. 'पोकळी' ठीक.

— आभार. शीर्षकात 'दाबलेल्या हवेची साठवण', आत एकदाच 'संपीडन' आणि पुढे नुसती 'हवा'. आता शेवटची अडचण. हवा दाबताना तापते. ती उष्णता वाया न घालवता वेगळी साठवायची आणि हवा सोडताना तिला परत द्यायची, म्हणजे वायू जाळायला नको, अशीही पद्धत आहे. हिंदीत 'रुद्धोष्म' दिसलं. चालेल?

— रुद्ध म्हणजे अडवलेलं, कोंडलेलं. वर आजीसाठी सुचवलेला शब्द इथे वापरा की: 'उष्णता कोंडून ठेवणारी पद्धत'. हवेला नाही शोभला, उष्णतेला शोभतो.