बंद पडलेल्या ग्रेडिंग कंपन्यांचे स्लॅब: नाणं जमवायचं की डबी?

रंकाळा_रुपया (धागाकर्ता)

कोल्हापुरात नाणी जमवणारे बहुतेक जण शिवराईत नाहीतर राणीछाप रुपयात रमलेले. मी अमेरिकेतल्या बंद पडलेल्या ग्रेडिंग कंपन्यांचे स्लॅब (नाणं तपासून, ७० पैकी दर्जाचा आकडा लेबलवर लिहून सीलबंद केलेल्या प्लॅस्टिकच्या डब्या) जमवतो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: आत काय आहे? मॉर्गन डॉलर, अमेरिकेचं जुनं चांदीचं नाणं, असं सांगितलं की दुसरा: मग फोडून बाहेर का काढत नाहीस?

नाही काढत. मला ती डबीही हवी आहे. आज पीसीजीएस आणि एनजीसी या दोनच कंपन्यांची नावं सगळ्यांच्या तोंडी आहेत, पण हा धंदा काही एका दिवसात उभा राहिला नाही. एएनएसीएस १९७२ मध्ये सुरू झाली तेव्हा फक्त नाणं खरं की खोटं एवढंच सांगायची. १९७९ पासून दर्जाही सांगू लागली, तोही फोटो चिकटवलेल्या कागदी सर्टिफिकेटवर, आणि दोन्ही बाजूंचा वेगळा: पुढून ६३, मागून ६५. ॲक्युग्रेडवाले १९८४ पासूनच नाणी प्लॅस्टिकमध्ये बंद करत होते. पीसीजीएस १९८६ ची, एनजीसी १९८७ ची. मग कंपन्यांचं पेवच फुटलं. काँप्युग्रेड नावाची एक होती, ती नाण्याचा दर्जा कॉम्प्युटरकडून काढायची, तोही दशांशात! थोड्याच काळात गाशा गुंडाळला.

या सगळ्या उचापतींचा पुरावा म्हणजे हे स्लॅब. लोक नव्यानं ग्रेडिंग करून घ्यायला ते फोडतात, म्हणजे जुने स्लॅब कमीच होत जाणार. यात वेडेपणा काय आहे ते सांगा.

गुजरीतला

वेडेपणा नाही, पण पैसे जातात. ग्रेडिंग म्हणजे काय? कुणीतरी दिलेला शब्द. कंपनी चालू आहे तोवर नंबर टाकून तपासता येतो, चूक निघाली तर हमीप्रमाणे भरपाई मागता येते. कंपनी बुडाली की ते लेबल म्हणजे दुकान बंद केलेल्या सराफाची पावती. जपून ठेवा हवी तर, पण मोड द्यायला गेलात तर ती कोण विचारतो?

आणि बऱ्याच कंपन्या बंद का पडल्या? हात सैल होता म्हणून. ६२ च्या नाण्याला ६५ द्यायचं, विकणारा खूश, घेणारा खूश. बाजाराला कळलं तेव्हा लेबलची किंमत शून्य.

हुपरीची_चांदी

आवं, पावतीवर निदान वजन तरी लिहिलेलं असतंय! मॉर्गन डॉलर २६.७३ ग्रॅम, चांदी ९० टक्के, व्यास ३८.१ मिलिमीटर. सुटं नाणं असंल तर काट्यावर टाकलं, आवाज ऐकला, कड बघितली, पाच मिनिटांत निकाल. डबीत बंद असल्यावर काय करणार? कडसुद्धा धड दिसत न्हाई. मॉर्गनची नक्कल तर ढिगानं फिरतीया. आमच्याकडं चांदीवर आयुष्य घातलेली माणसं हायत, तीबी असल्या डबीकडं बघून मान हलवतील.

रंकाळा_रुपया

वजनाचा मुद्दा बरोबर. पण नकली स्लॅब कुणाचे निघतात? पीसीजीएस-एनजीसीचे, कारण त्यांच्या लेबलला पैसे मिळतात. ज्या कंपनीचं नाव ऐकून तुम्ही नाक मुरडता, तिची डबी नकली करून कोण काय कमावणार?

आणि @गुजरीतला, आकड्याला पैसे द्या असं मी कुठं म्हटलं? आकडा मी बघतच नाही. स्लॅब तिरक्या उजेडात धरायचा आणि नाण्यावरच्या लिबर्टीच्या (स्वातंत्र्यदेवीच्या) गालाकडे बघायचं. हे डॉलर टांकसाळीतून हजार-हजारच्या पिशव्यांत जायचे, एकमेकांवर आपटायचे, आणि तो सपाट मोठा गाल सगळे घाव खायचा. गालावर खोल खाच, नाकाजवळ दोन चरे, आणि लेबल म्हणतंय ६५? मग हसायचं आणि ६२ च्या भावानं मागायचा.

टाउनहॉलच्या_पाठीमागं

जरा वेगळं लिहितो. ६५ की ६२ यावर एवढी हातघाई चालली आहे, पण मुळात ही ७० ची मोजपट्टी शेल्डननं १९४९ मध्ये मांडली ती अमेरिकेच्या जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी. सगळ्यात झिजलेल्या सेंटची किंमत १ धरली तर उत्तम सेंटची ७० पट, असा भावाचा हिशेब होता तो. भाव पुढं कुठल्या कुठं गेले, आकडे राहिले.

दुसरं आपल्या उपयोगाचं. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं, ते खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे १८६२ चा राणीछाप काय किंवा १९११ चा 'डुक्कर' रुपया काय (राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुक्कर वाटला, आणि बराचसा माल परत भट्टीत गेला), आपण तो अमेरिकेला धाडून आकडा आणायचा प्रश्नच नाही. स्वतःचा डोळा तयार करण्यावाचून गत्यंतर नाही. त्यासाठी चुकीचं ग्रेड दिलेला स्वस्त स्लॅब मला अभ्यासाला बरा वाटतो. आधी लेबल झाकून ठेवा, आपला आकडा लिहा, मग उघडून बघा.

बाकी आपल्या कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली नाणी संग्रहालयात का ठेवतात? धातूसाठी नव्हे, कुठल्या थरात काय सापडलं यासाठी. वस्तूबरोबरची माहिती गेली की निम्मी वस्तू गेली. या बाबतीत मी धागाकर्त्याच्या बाजूनं.

गुजरीतला

ब्रह्मपुरी कुठं आणि १९९० चं प्लॅस्टिक कुठं! साहेब, उत्खननातला थर आणि व्यापाऱ्याचं लेबल एका मापानं मोजू नका. लेबल लावणाऱ्याला विक्री हवी होती.

टाउनहॉलच्या_पाठीमागं

जुनी नाणीही कुणीतरी राज्य चालवायलाच पाडली होती की.

शाहूपुरी_तांबं

एक गोष्ट कुणी बोललंच नाही. स्लॅब हवाबंद नसतो. कोल्हापूरच्या पावसात कपाटात राहिला तर चांदी आत काळवंडतेच. त्याहून वाईट म्हणजे स्लॅबमध्ये जाण्याआधी नाणं मऊ पीव्हीसीच्या पाकिटात राहिलं असेल तर त्यावर हिरवट चिकट थर येतो आणि तो धातू खातो. सुटं नाणं शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून वाचवता येतं. स्लॅबमधलं? डोळ्यांदेखत सडताना बघा. कंपनी चालू असती तर परत पाठवलं असतं. हिरवं दिसलं की इतिहास-बितिहास बाजूला ठेवून फोडायचं, हे माझं ठाम मत.

रंकाळा_रुपया

हिरवं दिसलं तर मीही फोडीन, पण लेबल आणि दोन्ही तुकडे नाण्याबरोबरच ठेवीन.

तपकिरी-निळसर रंग मात्र मी अजिबात हलवणार नाही, तो बिघाड नव्हे.

हुपरीची_चांदी

रंग म्हणं! आम्ही त्येला काळं पडलं म्हणतो आणि चिंचंनं घासतो.

शाहूपुरी_तांबं

अहो नको! नाणं कधीही घासू नका, चिंचेनं तर नाहीच!!

गुजरीतला

घासा नाहीतर ठेवा, विकताना गुजरीत, सराफ बाजारात, चांदीचाच भाव मिळणार. तेवढ्यात घेता येत असेल तर खुशाल घ्या, वर एक रुपया नको.

पण एएनएसीएसचं ते जुनं फोटोवालं सर्टिफिकेट कुणाकडं असेल तर मला कळवा. त्यात नाणं सुटं असतं, काट्यावर टाकता येतं, आणि फोटोतले चरे नाण्यावर जुळवून बघता येतात. ती कंपनी अजून चालू आहे, तेव्हा या धाग्यात ती बसत नाही, हेही लिहून ठेवतो.

रंकाळा_रुपया

आहे एक. देणार नाही.