‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ – माझ्या तोंडून निघत नाही. साक्षीला काय बोलू?

नेवाशाची_ताई

प्रभूत सलाम सगळ्यांना.

मी नेवासे तालुक्यातली, अंगणवाडी सेविका आहे. आमच्या यांचं तीन वर्षांपासून डायलिसिस चालू आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार. पहाटेच्या एसटीने नगरला जायचं, साठेक किलोमीटर. चार तास मशीनवर, मग दुपारच्या गाडीने परत. कधी मी सोबत असते, कधी मोठा मुलगा, तो यंदा बारावीला आहे. मशीनचा खर्च महात्मा फुले योजनेतून होतो. गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी आपल्यालाच सोसावी लागते.

घरात पाणी मोजून आहे. यांना दिवसाला एक लिटर, त्यातच चहा आणि त्यातच आमटी. सकाळी मी बाटली भरून देते, तीच दिवसभर. उन्हाळ्यात हे बर्फाचा खडा तोंडात धरून ओट्यावर बसतात. आम्हाला तहान लागली तर आम्ही आत जाऊन पितो, घोट घेतल्याचा आवाज यांच्या कानावर जाऊ नये म्हणून.

डाव्या हातात फिस्टुला केलाय, म्हणजे डायलिसिसची सुई घालता यावी म्हणून रक्तवाहिन्या जोडल्यात. रोज रात्री निजायच्या आधी मी तिथं बोट ठेवून बघते. रक्त नीट वाहत असलं की बोटाखाली थरथर लागते, मांडीवर मांजर गुरगुरतं ना, अगदी तशी. थरथर थांबली तर तसंच उठून दवाखाना गाठायचा, असं सांगितलंय. याच हाताने हे मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, ढोलकीचा धुम (जाड आवाजाची बाजू) वाजवायचे. लग्नाआधीपासून वाजवत होते, मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही ढोलकीच गळ्यात होती. आता हाताला जोर द्यायचा नाही, म्हणून ढोलकी पिशवीत घालून खुंटीला टांगलीय.

आता मुद्द्याचं. मागच्या महिन्यात महिलांच्या सभेत एका बाईंनी सगळ्यांसमोर मला सांगितलं, ‘ताई, या आजाराबद्दल तुमच्या तोंडून देवाचे आभार निघत नाहीत तोवर आशीर्वाद अडून राहील. बायबलात प्रेषित पौल काय म्हणतो? सर्व स्थितीत उपकारस्तुती करा.’ मी मान खाली घालून बसले. घरी येऊन खरंच प्रयत्न केला, गुडघे टेकले. ‘देवा, यांच्या किडन्या गेल्या म्हणून तुझे उपकार’ – एवढं वाक्य पुरं झालं नाही. खोटं बोलल्यासारखं वाटलं. ज्याच्यापुढं बोलायचं त्याला तर आतलं सगळं दिसतं.

येत्या रविवारी आमच्याकडे हंगामाचा सण आहे, पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा. साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, माझं नाव लिहिलंय. काय बोलू? की नाव काढून घेऊ? माझा विश्वास कमी पडतोय का?

आशीर्वाद_७७

ताई, सलाम. नाव काढू नका. माझी नोकरी गेली तेव्हा मी रोज रात्री वहीत पाच उपकार लिहायला लागलो. पहिले काही दिवस पानावर काहीच येईना. मग ‘छप्पर आहे’, ‘आई आहे’ असं लिहिलं. हळूहळू सवय लागली. मन तयार होईल याची वाट बघत बसलो असतो तर अजून बसलोच असतो. आज्ञा आहे म्हणून आधी तोंडाने म्हणावं, मन मागून येतं.

शास्त्रपाठ

ताई, तुमचा विश्वास कमी पडत नाहीये. तुम्ही ते वाक्य अर्ध्यावर थांबवलंत याचं मला बरं वाटलं.

मी धर्मशास्त्राचा विद्यार्थी होतो, म्हणून थोडं मुळातलं सांगतो. थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र ५:१८. ग्रीकमध्ये शब्द आहेत ‘एन पान्ती’, म्हणजे सगळ्या स्थितीत. त्या स्थितीच्या आत उभं राहून. त्या स्थितीबद्दल, असं या वचनात म्हटलेलं नाही. आणि हे पत्र कुणाला लिहिलंय बघा. प्रेषितांची कृत्ये १७ वाचा: थेस्सलनीकात दंगा झाला, जमावाने यासोनाच्या घरावर हल्ला केला, पौल आणि सीला यांना रातोरात बिरुयाला पाठवावं लागलं. पौल सुटला, विश्वासणारे मात्र तिथंच राहिले, त्याच शेजाऱ्यांमध्ये. पुढे त्यांच्यातली काही माणसं मेली. चौथ्या अध्यायात पौल त्याच दुःखावर बोलतो, आणि ‘दुःख करू नका’ एवढंच म्हणून थांबत नाही. ज्यांना आशा नाही अशांसारखं करू नका, म्हणतो. म्हणजे उपकारस्तुतीची आज्ञा आली ती नुकतीच माती देऊन आलेल्या लोकांना.

पण एक गोष्ट लपवू नये, कारण त्या बाई उद्या हेच वचन काढतील. इफिसकरांस ५:२० मध्ये ‘सर्व गोष्टींबद्दल’ असंच आहे, तिथं ग्रीकही तसंच आहे. मला ते बरीच वर्षं खुपायचं. एकदा मी त्याच्या आधीचं वचन नीट वाचलं. एकमेकांना स्तोत्रं म्हणा, असं ते सांगतं. कुठली स्तोत्रं? त्यांत १३ वं आहे, ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ विचारणारं. त्यांत ८८ वं आहे, ते तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळ नाही. ज्या तोंडाला पौल ‘सर्व गोष्टींबद्दल’ म्हणायला सांगतो, त्याच तोंडात त्याने आधी हे रडगाणं ठेवलंय. एक ठेवून दुसरं गाळायची मुभा त्याने आपल्याला दिलेली नाही.

लाजाराच्या कबरेपाशी प्रभू आधी रडला. मग धोंड काढल्यावर पित्याचे आभार मानले, आणि तेही ‘तू माझं ऐकलंस’ म्हणून. लाजार मेला म्हणून नव्हे.

कांदेवाला_राहुरी

मला ग्रीक कळत नाही, ताई. हंगामाच्या सणाचं एक सांगतो.

बहात्तरच्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा होतो. रानात काही म्हणजे काही नव्हतं. वडील आणि आई खडी फोडायला जायचे. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी धड थापता यायची नाही, कडा तुटायच्या, आणि आम्ही पोरं ती ढकलून द्यायचो. त्या वर्षीही देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) हंगामाचा सण झाला. मला वाटलं होतं होणार नाही. चांगल्या साली आमच्याकडे वेदीपुढं ज्वारीची कणसं, भोपळे, अंडी, पाय बांधलेला कोंबडा असं सगळं असायचं आणि उपासनेनंतर लिलाव. त्या साली रांगेत बहुतेकांच्या हातात काही नव्हतं. माझ्या बापाने टोपीत शेरभर मिलो नेली. रानातली नाही, रेशनची. वेदीपुढं ओतली आणि मोठ्याने प्रार्थना केली. ती मला अजून पाठ आहे: ‘देवा, हे माझ्या रानातलं नाही. माझ्या रानात तू काही पिकवलं नाहीस. पोरं मेली नाहीत, ती तू राखलीस. हे घे.’

कुणी ‘आमेन’ म्हणायला धजेना. मग पाळकसाहेबच म्हणाले.

लिलावात ती मिलो एका मास्तरांनी एक रुपयाला घेतली आणि संध्याकाळी आमच्या घरी आणून दिली.

बायबलात हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या शेवटी ते आहे ना, अंजीर फुललं नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी उल्लासेन. मी ते वचन ऐकतो तेव्हा मला बापाची टोपी दिसते. ‘पिकवलं नाहीस’ हेही त्याने देवाच्या तोंडावर सांगितलं आणि दाणेही ओतले. तुम्ही जे आहे ते बोला. देवळातच बोला.

निवृत्त_सिस्टर

ताई, मी एकतीस वर्षं दवाखान्यात काढली. आधी एक कबुली देते. त्या वर्षांत मी किती नातेवाइकांना ‘प्रभूचे आभार माना, सगळं चांगल्यासाठीच असतं’ असं म्हटलं असेल, त्याची गणती नाही. सलाईन बदलता बदलता म्हणायचे आणि पुढच्या खाटेकडे जायचे. २०२१ च्या एप्रिलमध्ये माझे मिस्टर कोविडने गेले. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले, लांबून दाखवले. पाळकसाहेबांनी फोनवर प्रार्थना केली आणि फोन मी हातात उंच धरून उभी राहिले. त्या दिवशी मला माझी ती सगळी वाक्यं आठवली. ज्यांना म्हटली त्या बायकांचे चेहरे आठवले. तुम्हाला सभेत बोलणाऱ्या त्या बाईंचा राग येत असेल तर येऊ द्या. मी त्यांच्या जागी होते म्हणून एवढंच सांगते, की आपल्याला भीती वाटत असते म्हणून आपण असं बोलतो. दुसऱ्याचं दुःख लवकर मिटावं, आपल्याला त्याच्यापाशी बसून राहावं लागू नये, अशी ती भीती असते.

त्यानंतर वर्षभर मी देवळात गेले, पण तोंड उघडलं नाही. गीत सुरू झालं की पुस्तक उघडून नुसती उभी राहायचे. माझ्या शेजारी एक म्हातारी बसायच्या, दात नाहीत, सूर नाही. त्या इतक्या मोठ्याने गायच्या की पुढचे लोक वळून बघायचे. मला त्याचा त्रास व्हायचा. वर्षाने मिस्टरांच्या आठवणीची उपकारस्तुतीची प्रार्थना घरी ठेवली, ती पण मुलीच्या हट्टाने. तेव्हा मी त्यांना विचारलं, आजी, एवढ्या मोठ्याने का गाता? त्या म्हणाल्या, ‘तुझ्या वाटणीचं पण म्हणत होते ना, बाई.’

तेव्हा मला ते वचन पहिल्यांदा ऐकू आलं. ‘करा.’ मी जन्मभर ते आदरार्थी समजत होते, मला एकटीला उद्देशून. अहो, ते अनेकवचन आहे! पत्र अख्ख्या मंडळीला लिहिलंय. शास्त्रपाठ सांगतील चुकत असेन तर. एकीचा आवाज बसला असेल तर दुसरीने म्हणायचं. चौघांनी तो पक्षघाती खाटेवरून प्रभूकडे आणला, तेव्हा प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला, असं लिहिलंय. त्याला आधी ‘तू स्वतः चाल, मग बघू’ असं कुणी म्हटलं नाही.

आशीर्वाद भाऊ, तुमची वही मला आवडली आणि मी स्वतःही आता लिहिते. पण मन नसताना म्हणणं वेगळं आणि मनात नाही ते म्हणणं वेगळं. ‘छप्पर आहे’ हे खरं होतं, मन नसतानाही खरंच होतं. किडन्या गेल्याबद्दल उपकार, हे ताईंच्या मनात नाही. ते म्हणायला लावू नका.

आणि ताई, नर्स म्हणून विचारते, कारण तुमच्या पत्रात मी तिथंच अडकले. रात्री फिस्टुलावर बोट ठेवता, थरथर लागते, तेव्हा तुम्ही काय म्हणता?

शास्त्रपाठ

सिस्टर, अजिबात चुकत नाही. क्रियापद अनेकवचनीच आहे. हाच धातू पहिले करिंथकर ११:२४ मध्ये येतो, ज्या रात्री प्रभूला धरून देण्यात आलं त्या रात्री त्याने भाकर घेऊन उपकारस्तुती केली, तिथं. पुढच्या क्षणी ती भाकर त्याने मोडली. मी इतकी वर्षं शब्दार्थ सांगत आलो, पण ‘करा’वर कधी थांबलो नाही.

आशीर्वाद_७७

सिस्टर, मान्य. ताई, मी घाईने लिहिलं. माफ करा. आमच्या घरच्या प्रार्थनेत आजपासून तुमच्या मिस्टरांचं नाव आहे. मंगळ, गुरू, शनि पहाटे.

नेवाशाची_ताई

सगळ्यांना सलाम. उशिरा लिहितेय, रविवार होऊन गेला.

सिस्टर, तुमचा प्रश्न वाचून मी दोन दिवस स्वतःवर लक्ष ठेवलं, कारण मला माहीतच नव्हतं. मी ‘आहे’ म्हणते. थरथर लागली की ‘आहे, आहे’ म्हणते, आणि हे झोपेत ‘हं’ म्हणतात.

साक्षीला उभी राहिले. राहुरीच्या दादांच्या वडिलांसारखं बोलायची हिंमत नव्हती, पण पाण्याची बाटली सोबत नेली होती, यांची, एक लिटरची. ती वेदीपुढं ठेवली. म्हटलं, हे आमचं रोजचं मोजमाप आहे. या आजाराबद्दल मला उपकार म्हणता येत नाहीत आणि मी म्हणणार नाही. रोज रात्री बोटाखाली थरथर लागते, त्याबद्दल म्हणते. ज्यांना बाकीचं म्हणता येतं त्यांनी माझ्या वाटणीचं म्हणावं. एवढंच बोलले आणि बसले, पाय कापत होते.

सभेतल्या त्या बाई उपासनेनंतर आल्या. काही बोलल्या नाहीत. घरची मेथीची जुडी माझ्या पिशवीत ठेवली. मेथी यांना चालत नाही, पण मी ते सांगितलं नाही.

गीताच्या वेळी ढोलकी यांच्या पुतण्याने घेतली होती. हे समोरच्या बाकावर बसून उजव्या हाताने मांडीवर ठेका धरत होते. पोरगं मध्येच चुकलं, तेव्हा यांनी जागेवरूनच ‘धुम इथं’ म्हणून सांगितलं, मोठ्याने, गीत चालू असताना.

आज सोमवार. अंगात पाणी साठून यांचं वजन दोन किलोने वाढलंय, उद्या पहाटेची गाडी आहे. बाटली भरून ठेवलीय.