प्रतिसाद: खरी झुंज चाक मोडल्यावर

व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझराब्ल' (१८६२) कादंबरीचा नायक, तुरुंगातून सुटलेला ज्याँ वाल्ज्याँ, बिशपकडे चोरी करतो आणि बिशप उलट त्याला चांदीची शमादानंही देऊन टाकतो; तो तिथेच बदलला, पुढे फक्त त्याचा चांगुलपणा दिसत राहतो, असं एका वाचकाचं म्हणणं आहे. मला हे अजिबात पटत नाही. कादंबरीतली खरी झुंज त्यानंतर कितीतरी वर्षांनी येते. आता तो नाव बदलून प्रतिष्ठित महापौर झालाय, आणि तोच वाल्ज्याँ समजून भलताच माणूस जन्मठेपेला चाललाय. रात्रभर तळमळून तो खरं सांगायला आरास शहरातल्या कोर्टाकडे निघतो खरा, पण वाटेत गाडीचं चाक निकामी होतं. कारागीर सांगतो, उद्यापर्यंत दुरुस्ती होणार नाही. आणि वाल्ज्याँला चक्क आनंद होतो! आपण आपलं केलं, आता नाइलाज आहे. तेवढ्यात एक पोरगा म्हातारीला घेऊन येतो, तिच्याकडे भाड्याची गाडी असते. सुटका हुकते.

हा सुटकेचा आनंद लिहायला धाडस लागतं. पुढे कोर्टाच्या दारापर्यंत पोचूनही तो आधी मागे पळतो, मग परततो. दोस्तोयेव्हस्कीच्या 'गुन्हा आणि शिक्षा'मधल्या खुनी रास्कोल्निकोव्हची घालमेल गुन्हा केलेल्याची. इथे गप्प बसणं एवढंच पाप आहे, म्हणून मला हा प्रसंग जास्त छळतो.