पद्मिनीची चाके: रेडियल टायर, ट्यूब आणि ट्रिम रिंग

कोलशेतकर (ठाणे)
नमस्कार. वडिलांची जुनी प्रीमियर पद्मिनी पावसाळ्यापूर्वी पुन्हा रस्त्यावर आणायची आहे. लोखंडी रिम वागळे इस्टेटमधून पावडर कोटिंग करून आणल्या आहेत आणि स्टेनलेस स्टीलच्या ट्रिम रिंगही (रिमच्या बाहेरच्या कडेवर बसणाऱ्या शोभेच्या कड्या) मिळाल्या आहेत. मूळचे ५.२०-१४ मापाचे टायर सहज मिळत नसल्यामुळे १५५/८० आर १४ मापाचे रेडियल (आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे असलेले टायर) घेण्याचा विचार आहे. ट्यूब घालावी की ट्यूबलेसच ठेवावे, आणि रिंग टायरच्या आधी बसवावी की नंतर, याबद्दल प्रत्येक टायरवाला वेगळे सांगतो. कृपया मार्गदर्शन करावे.

नेरुळचा फियाटप्रेमी
टायरच्या आधी कोटिंग तपासावे. चाक ड्रमला जिथे टेकते तो सपाट भाग आणि नट-बोल्ट जिथे बसतात त्या निमुळत्या बैठका, या दोन्ही ठिकाणी पावडरचा जाड थर राहिला असेल, तर तो आवळल्यानंतर हळूहळू दबतो आणि घट्ट वाटलेले चाक थोड्याच प्रवासात सैल पडते. तेवढा थर खरवडून काढावा. समोरासमोरचे नट आळीपाळीने हातपान्याने आवळावेत आणि पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

आपण निवडलेल्या टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ६०४ मिलिमीटर भरतो. तो मूळ टायरच्या जवळपास असल्यामुळे माप योग्य आहे. ट्यूब मात्र घालावीच. ट्यूबलेस टायरची कड जागेवर धरून ठेवणारा उंचवटा आजच्या रिमला आतून असतो, त्या काळच्या साध्या रिमला तो नसतो. म्हणून हवा कमी असताना घोडबंदर रस्त्यावर एखादा खड्डा चुकवण्यासाठी गाडी जोरात वळवली, तर कड रिमवरून निसटून सगळी हवा एकदम जाऊ शकते. ट्यूब रेडियलसाठीचीच घ्यावी आणि टायरच्या आतले कागदी लेबल काढून टाकावे, कारण त्याच्या घर्षणाने ट्यूब झिजते.

सानपाडा गॅरेज
ट्रिम रिंग सर्वांत शेवटी, टायर चढवून बॅलन्सिंग (छोटी वजने लावून चाकाचा तोल साधणे) झाल्यावर बसवावी. बॅलन्सिंगची वजने आतल्या बाजूला चिकटवायला सांगावे. बाहेरच्या कडेला ठोकलेल्या वजनावर रिंग नीट टेकत नाही. रिंगची खाच व्हॉल्व्हवर आणून तिथून दाबायला सुरुवात करावी आणि उरलेली कड रबरी हातोडीने हलकेच बसवावी. पकड ढिली असेल, तर चालत्या गाडीत रिंग थोडी थोडी सरकत जाते आणि खाचेची कड व्हॉल्व्ह कापते, म्हणून पकडीचे दात आधीच किंचित बाहेर वाकवून घ्यावेत. हेच दात कोटिंगवर ओरखडे पाडतात, आणि खाडीकाठच्या दमट, खाऱ्या हवेत गंज तिथूनच धरतो. पावसाळाभर रिंग काढून ठेवणे मला सर्वांत योग्य वाटते. एवढ्या कष्टाने केलेली रिम शोभेच्या पट्टीखाली सडू देऊ नये.

कोलशेतकर (ठाणे)
दोघांचेही मनापासून आभार. स्टेपनीला जुना क्रॉस-प्लाय (आतले धागे तिरपे, एकमेकांना छेदणारे असलेला) टायर आहे आणि त्याची नक्षी पूर्ण शाबूत आहे. तो ठेवला तर चालेल का?

नेरुळचा फियाटप्रेमी
ठेवू नये. एकाच अ‍ॅक्सलवर रेडियल आणि क्रॉस-प्लाय असे दोन जातींचे टायर आले, तर वळणावर आणि ब्रेक दाबताना गाडी वेडीवाकडी ओढते. शिवाय नक्षी शाबूत असली तरी रबर वयाने कडक होते आणि बाजूला तडे जातात. पाचही टायर एकत्रच घ्यावेत आणि दुकानातच बाजूवरचे चार आकडे वाचावेत: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा.