पुढच्या डाव्या चाकातून किर्र आवाज, ब्रेक दाबला की बंद. पॅड तर जाड दिसतात!

कुंभार्ली_रोजचा
पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम, ५८,००० किमी. पुढच्या डाव्या चाकातून बारीक पण टोकदार किर्रर्र आवाज येतो. वेग ३०-४० झाला की सुरू होतो, काच खाली असेल आणि शेजारी भिंत असेल तर स्पष्ट ऐकू येतो. ब्रेकवर हलका पाय ठेवला की लगेच बंद. सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखर होते ती वेगळीच, पण ती जाते. गॅरेजमध्ये चाक न काढताच 'पॅड भरपूर आहेत, पावसाने होतं' असं सांगितलं. अलॉयच्या फटीतून मलाही पॅड जाड दिसतो. चिपळूण-कराड सतत करावं लागतं, घाटात धाकधूक वाटते. नेमकं काय तपासू?

चौदाचा_पाना
दोन्ही आवाज वेगळे आहेत, त्यांची गल्लत करू नका. सकाळची खरखर म्हणजे रात्रभरच्या दमटपणाने डिस्कवर चढलेला तांबूस गंज. पॅड तो दोन-चार ब्रेकमध्ये पुसून काढतात. पावसाळ्यात कोकणात हे होणारच, त्यात बिघाड नाही.

किर्र मात्र गंभीरपणे घ्या. बऱ्याच पॅडच्या पाठीला पत्र्याची छोटी जीभ असते. मसाला, म्हणजे पॅडचा घासणारा थर, २-३ मिमीवर आला की ती डिस्कला टेकते आणि मुद्दाम किंचाळते. ब्रेक दाबल्यावर ती दबून राहते, थरथरत नाही, म्हणून आवाज थांबतो. तुमचं वर्णन याच्याशी तंतोतंत जुळतं.

फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड. जीभ बहुतेक गाड्यांत आतल्या, पिस्टनच्या (पॅड ढकलणाऱ्या दट्ट्याच्या) बाजूच्या पॅडला असते, आणि कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्यावर सरकतो ती पिन जाम झाली की आतला पॅडच आधी संपतो. त्यामुळे चाक काढल्याशिवाय कोणीही 'पॅड आहेत' म्हणू नये. सपाट जागा, पहिला गिअर, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड. नट जमिनीवर असतानाच सैल करा, मग जॅक लावा आणि काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा. नुसत्या जॅकवर हात आत घालू नका. टॉर्च मारून आतला आणि बाहेरचा मसाला मोजा. लोखंडी पाठ त्यात धरायची नाही.

रत्नांग्री_८
सहमत. फक्त एक शक्यता आधी निकालात काढा. डिस्कच्या मागे पातळ पत्र्याचं कव्हर असतं, त्यात जांभ्याची खडी अडकली तरी असाच आवाज येतो. पण तो पत्र्यासारखा चिरका असतो आणि ब्रेक दाबल्याने सहसा बदलत नाही. गाडी थोडी रिव्हर्स घेतली तर कधी खडा पडूनही जातो. पत्रा वाकला असेल तर बोटाने मागे ओढून डिस्कपासून मोकळा करा.

वेगाबरोबर वाढणारी घूंऽऽ घरघर वळणावर कमी-जास्त होत असेल तर बेअरिंगकडे बघा. पुढे-मागे घेताना पहिल्या ब्रेकला एकच 'टक्' आला तर पॅड आपल्या खाचेत सैल आहे, क्लिपा बदला.

कुंभार्ली_रोजचा
चाक काढलं. बाहेरचा पॅड ७ मिमी, आतला जेमतेम २, तोही तिरका झिजलेला. खालच्या पिनचं रबर फाटलंय, पिन हाताने हलत नाही. डिस्कवर खोल ओरखडे नाहीत. नुसते पॅड टाकून भागेल का?

चौदाचा_पाना
नाही. पिन तशीच ठेवली तर नवा पॅडही तसाच एका बाजूने खाल्ला जाईल. फाटक्या रबरातून पाणी गेलं, पिन गंजली, कॅलिपर सरकेना, म्हणून पिस्टनच्या बाजूचा पॅड एकटाच झिजला. मूळ दुखणं ते आहे.

पॅड पुढच्या दोन्ही चाकांचे एकदम घ्या, सोबत पिनचं रबर किट. पिनवर खड्डे पडले असतील तर पिनही नवी. कॅलिपर होसवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळत सोडू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. पिनचं भोक ब्रेक क्लीनरने साफ करा, मग सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस पातळ लावा. गॅरेजमधलं नेहमीचं पिवळं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. एका पिनला रबरी बाही असेल तर वरची-खालची अदलाबदल करू नका.

पिस्टन जी-क्लॅम्पने सावकाश मागे ढकला. आधी ब्रेक ऑइलची टाकी बघा. पॅड झिजल्यावर कोणी वरून ऑइल भरलं असेल तर ते उतू जाईल, आणि हे ऑइल रंग खातं. पिस्टन मागे जातच नसेल तर ब्लीडर (कॅलिपरवरचा ऑइल सोडायचा स्क्रू) थोडा उघडून बघा. मग सहज गेला तर होस आतून बुजलाय, तरीही घट्ट असेल तर पिस्टनच जाम आहे.

डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. मोजताना कडेचा उंचवटा सोडून आत मोजा. काम संपल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करायचं. हे विसरलं तर पहिला ब्रेक थेट खाली जातो.

रत्नांग्री_८
नवे पॅड घेऊन थेट घाट उतरू नका. मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत मध्यम ब्रेकने आठ-दहा वेळा या, पूर्ण न थांबता, मध्ये थोडं अंतर चालवून थंड होऊ द्या. नाहीतर मसाला चकाकतो आणि पुन्हा किंकाळी सुरू होते, तीही ब्रेक दाबल्यावर. ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर याच खेपेला बदला. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि लांब उतारावर ते पाणी उकळून पेडल स्पंजासारखं होतं. कुंभार्ली घाट उतरताना दुसरा-तिसरा गिअर ठेवा, सतत ब्रेकवर पाय नको.

काम झाल्यावर थोडं चालवून दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात न लावता ऊब तपासा. डावं चाक उजव्यापेक्षा ठळक गरम लागलं तर कॅलिपर अजून मोकळा झालेला नाही.