खासगी पायलटची पहिली परदेशवारी: कागद आधी की पाणी आधी?

टँपाचा_तात्या
आमच्या फ्लाइंग क्लबातली काही मंडळी बहामाजच्या पहिल्या खेपेची तयारी करताहेत. सगळे पीपीएलवाले (खासगी पायलटचा परवाना), विमान एका इंजिनाचं सेस्ना १७२. त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसभर एकच विषय: ई-एपिस (विमानातल्या माणसांची यादी कस्टम्सला ऑनलाइन कळवणं) कधी भरायचं, कस्टम्सचं डेकल (शुल्क भरल्याचं स्टिकर) आलं का, एफसीसीचा (अमेरिकेचं दूरसंचार खातं) रेडिओ परवाना विमानाचा वेगळा आणि पायलटचा वेगळा का. पाण्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

कागदपत्रं हे किचकट पण बैठं काम आहे. चहा घेऊन बसलात की उरकतं. खरी तयारी हवी समुद्राची.

हिशेब करू. मायामीचा किनारा ते बिमिनी साधारण ४५ सागरी मैल. इंजिन बंद पडलं तर १७२ वारा नसताना दर हजार फुटांना दीडेक मैल हवेत तरंगत पुढे जाते. ९,५०० फुटांवर असाल तर १४ मैल. दोन्ही किनाऱ्यांचे १४-१४ वजा केले तरी मधे १७ मैल उरतात. ११० नॉटने नऊ मिनिटं अशी, की इंजिनाने मान टाकली तर पाण्यातच उतरायचं. ३,५०० वरून निळं पाणी बघत जाणाऱ्यांची हीच नऊ मिनिटं एकोणीसच्या आसपास होतात. फोटो मात्र छान येतात.

नियमावली
तात्या, साफ असहमत. इंजिन बंद पडणं किती दुर्मिळ आणि कागद चुकणं किती रोजचं, याचाही हिशेब मांडा ना.

जाताना एक ई-एपिस, येताना दुसरं. दोन्ही निघण्याच्या किमान ६० मिनिटं आधी. एवढ्यावर भागत नाही. परतताना जिथे उतरणार तिथल्या कस्टम्सला स्वतः फोन करून वेळ कळवायची. फ्लाइट प्लॅनमध्ये लिहिलं म्हणजे त्यांना कळलं, या भ्रमात राहू नका. पहिल्या चुकीला दंड ५,००० डॉलर, पुढच्या प्रत्येकीला १०,०००. वर एडीआयझी, म्हणजे किनाऱ्याबाहेरचा हवाई संरक्षणाचा पट्टा, आहेच: प्लॅन सुरू केलेला हवा, रेडिओवर बोलणं हवं, स्क्वॉक कोड (रडारवर विमान ओळखू येण्याचा आकडा) मिळालेला हवा. यातलं काही नसताना किनाऱ्याकडे येणारं विमान म्हणजे लष्कराच्या लेखी अनोळखी विमान.

आणि ९,५०० चं म्हणाल, तर मायामीच्या क्लास बी (मोठ्या विमानतळावरची नियंत्रित हवाई हद्द) खालून निघून किनारा सोडायच्या आत १७२ तेवढी चढवून दाखवा. घिरट्या घालत बसावं लागेल.

टँपाचा_तात्या
मग घाला की घिरट्या! किंवा उत्तरेकडून निघा. वीस मिनिटांचं इंधन जास्त जाईल, एवढंच.

वडापाव_एट_फाइव्ह_थाउजंड
नियमावलीकाका, एक राहिलं. एडीआयझी ओलांडायला विमानावरचा एन नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, १२ इंची लागतो. जुन्या बऱ्याच सेस्नांवर ३ इंची असतो आणि मालकाला पत्ताच नसतो. टेपने तात्पुरता चिकटवला तरी चालतो. धुळीवर चिकटवू नका, आधी पुसून घ्या.

शार्लटची_सून
तुम्हा दोघांच्या भांडणात आपल्या लोकांचा प्रश्न राहूनच गेला. क्लबातले निम्मे देशी एच-वन-बीवर आहेत. पासपोर्टातला अमेरिकेचा व्हिसा स्टँप संपलेला असतो, पण आय-७९७ (एच-वन मंजूर झाल्याचा कागद) हातात म्हणून बिनधास्त. कॅनडा-मेक्सिकोला ३० दिवसांच्या आत जाऊन आलात तर स्टँप संपलेला असूनही सहसा परत येता येतं. बहामाजसारख्या बेटांना ही सवलत फक्त एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्स्चेंज) व्हिसावाल्यांना आहे, एच-वनला नाही. म्हणजे विमान ठणठणीत, ई-एपिस भरलेलं, लाइफ जॅकेट अंगात, आणि पायलट बेटावर अडकलेला. विमान भाड्याचं असेल तर त्याचं मीटर वेगळं! बहामाजचा स्वतःचा व्हिसा लागतो का, हेही आपापल्या पासपोर्टवर बघा. अमेरिकन मित्राची यादी आपल्याला लागू पडत नाही.

बाकी माझं मत तात्यांच्या बाजूने.

नियमावली
ताई, तुमचा मुद्दा तर कागदाचाच झाला की! माझ्या बाजूला धरतो.

जुना_कराचीकर
किती घाबरवाल नव्या पोरांना? १९३० साली आगाखान बक्षिसासाठी जेआरडी एकटे जिप्सी मॉथ घेऊन कराचीहून इंग्लंडला निघाले. ना जीपीएस, ना ई-एपिस. जायचं असतं त्यांनी जावं.

वडापाव_एट_फाइव्ह_थाउजंड
तोच किस्सा पुरा सांगा ना. इजिप्तमध्ये अबूकीरला त्याच शर्यतीतले दुसरे स्पर्धक अ‍ॅस्पी इंजिनीअर स्पार्क प्लगपायी अडकले होते. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना दिले, आणि शर्यत अ‍ॅस्पींनी जिंकली. जादा प्लग जवळ होते म्हणूनच देता आले. तयारी न करता निघाले होते असं दिसत नाही हो.

टँपाचा_तात्या
मुद्द्यावर येतो. लाइफ जॅकेट बहुतेक जण घेतात, पण मागच्या सीटवर पिशवीत टाकतात. पाण्यात उतरताना ते अंगात चढवायला वेळ नसतो. उड्डाणाआधीच कमरेला बांधा. आणि केबिनमध्ये जॅकेट फुगवायची दोरी ओढायची नाही, हे प्रत्येकाकडून वदवून घ्या. पाणी भरलेल्या केबिनमध्ये फुगलेलं जॅकेट माणसाला छताला चिकटवून ठेवतं, दारापर्यंत खाली जाता येत नाही.

१७२ ची चाकं आत जात नाहीत, त्यामुळे पाण्याला लागताच उलटी व्हायची शक्यता बरीच. दारं दोनच, दोन्ही पुढे. मागे आई-बाबा बसले असतील तर पुढची सीट सरकल्याशिवाय त्यांची सुटका नाही. म्हणून हँगरमध्ये उभ्या विमानात बसवा, डोळे मिटायला सांगा आणि पट्टा सोडून, सीटची कड चाचपत दारापर्यंत यायला लावा. सासूबाई हसतील. हसू द्या. टेकण्याआधी दार किलकिलं करून मधे बूट अडकवायचा, हे कोण करणार तेही तिथेच ठरवा.

शार्लटची_सून
तात्या, पहिल्याच खेपेला आई-बाबांना न्यायचंच कशाला?

टँपाचा_तात्या
ते सुट्टीला आलेत म्हणूनच तर लोक जातात! आमच्या क्लबात निम्म्या खेपांचं कारण तेच.

नियमावली
हँगरमधली तालीम मान्य, ती मीही करेन. पण क्रम माझाच. परतीचं ई-एपिस घरूनच भरून निघा, बेटावरच्या वायफायच्या भरवशावर राहू नका. वेळ बदलली तर फोन करा. कस्टम्सच्या जागी विमान लावल्यावर अधिकारी सांगेपर्यंत कुणीही खाली उतरायचं नाही, पाय मोकळे करायलासुद्धा नाही. आणि बहामाजमध्ये रात्री व्हीएफआर, म्हणजे नुसतं बाहेर बघून उडणं, चालत नाही. तात्यांच्या घिरट्यांची वीस मिनिटं सूर्यास्ताच्या हिशेबात आधीच धरा.